उपकारासुराला दहापैकी दोन

प्रशांतकुमार सरांना कमलनगरात दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, ते पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात मराठी शिकवत. आणि दोन, पंचेचाळिशी उलटली तरी ते व्हिडिओ गेम खेळत. पहिली गोष्ट लोकांनी माफ केली होती.

दुसरीचं असं होतं की पुण्याच्या एका मराठी संकेतस्थळावर दर पंधरा दिवसांनी, रविवारी, सरांचं 'दहापैकी' नावाचं सदर येई. नवा गेम खेळायचा, त्याचं परीक्षण लिहायचं आणि शेवटी दहापैकी गुण द्यायचे. पेपर तपासून तपासून हात तसा बसलेलाच होता. सरांच्या हिशोबाने हे सदर जगात चारशे माणसं वाचत, त्यातली दीडशे वाट चुकून आलेली. आपल्या लिहिण्याने कुणाचं काही बरंवाईट होत नाही, या भरवशावर ते सहा वर्षं मोकळेपणाने लिहीत आले होते.

श्रावण लागला त्या आठवड्यात सौम्याचा फोन आला. बस स्टँडसमोर भांड्यांचं दुकान असलेल्या बसवंतप्पांची ही मुलगी, सरांची जुनी विद्यार्थिनी. पाच वर्षांपासून ती बेंगळूरला होती आणि दोन मैत्रिणींना घेऊन तिने स्वतःचा गेम बनवला होता.

"सर, पाठवलाय बगा. मराठीत बी हाय, कन्नडमधी बी हाय. तुम्ही लिहा."

"लिहितो की. किती देऊ?"

"वाटंल तेवढे द्या. पण एक करा सर. त्यातला राक्षस कोण हाय, तेवढं लिहू नका."

"कोण हाय?"

"खेळा, म्हंजे कळंल." मग तिचा आवाज खाली आला. "अप्पा तितंच राहतेत सर. आन मला परत यायचं न्हाई."

परत यायचं नाही म्हणजे कुठे, हे विचारायची गरज सरांना नव्हती. अख्ख्या तालुक्यात कुणालाच नसती.

मन्नाएखेळ्ळीला हायवेवर माणिकप्पांचा वजनकाटा होता, हॉटेल होतं, मंगल कार्यालय होतं. आसपासच्या तालुक्यांत त्यांच्या संस्थेची कॉलेजं होती. त्यातल्याच एकात सर शिकवत. माणिकप्पा स्वतः निवडणुकीला कधी उभे राहिले नाहीत. उभे राहणारे त्यांच्याकडे बसायला येत. सगळे त्यांना अण्णा म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा. अण्णांनी कुणाचं वाईट केल्याचं एकही उदाहरण जिल्ह्यात सापडलं नसतं. ते फक्त चांगलं करत. औरादच्या धनराजची लांबची बदली त्यांनी रद्द करून दिली. तेव्हापासून तहसीलमधला हा कारकून दर सोमवारी अण्णांच्या दासोहात, म्हणजे गावजेवणात, पंक्तीला भात वाढतो. मल्लेश्वरी टीचरांच्या नवऱ्याला ऐन वेळी इस्पितळात जागा मिळवून दिली. टीचरांच्या घरात आता संस्थेचं वसतिगृह आहे, आणि मागच्या खोलीत आपण फार सुखात आहोत असं टीचर सांगतात, कुणी विचारलेलं नसतानाही.

सौम्या बारावीला तालुक्यात पहिली आली, तेव्हा अण्णांनी भर सभेत तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजपासनं ही माझी लेक." टाळ्या झाल्या. बसवंतप्पांनी खाली वाकून पाय धरले. मग लेकीने कुठल्या विषयाची डिग्री घ्यायची, संस्थेच्या कुठल्या शाळेत शिकवायचं आणि कुणाच्या घरात सून म्हणून जायचं, हे अण्णा सवडीने ठरवत गेले. डिग्री झाली. शाळेत रुजू व्हायच्या आदल्या दिवशी सौम्या पहाटेच्या बसने एक बॅग घेऊन गेली. बसवंतप्पा मन्नाएखेळ्ळीला जाऊन अण्णांपुढे उभे राहिले. अण्णा रागावले नाहीत. "लेक हाय," ते म्हणाले, "येईल."

त्याला पाच वर्षं झाली होती. अण्णांचं बोलणं वाया गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे लोक आपले वाट बघत होते.

गेमचं नाव होतं 'भंपकगडची मोहीम'. नायक डोंगरसिंह हा सात पिढ्यांचा पळपुटा. त्याची तलवार बोलायची, आणि म्यानातून उपसली की तिची कंबर धरायची. घोड्याच्या जागी म्हैस होती. लढाई रंगात आली की ती रवंथाला बसे. वाटेत एक चेटकीण लागे, ती शाप द्यायच्या आधी आधार कार्ड मागे, आणि पत्ता जुळला नाही तर शाप स्थगित ठेवी. तीन डोक्यांचा दैत्य होता. त्याची दोन डोकी मराठी-कन्नडवरून भांडत आणि तिसरं दखनी उर्दूतून दोघांना समजावताना मार खाई. सर कॉलेजातून आले की चहा घेऊन बसत आणि हसत. एकदा इतके हसले की बायको शिवलीला स्वयंपाकघरातून हातातलं पीठ न धुता बाहेर आली.

"कामून हसायलाव एकटेच? दाखवायचं का कुणाला?"

"अगं, ह्या म्हशीला बघ."

शिवलीलाने बघितलं. ती कन्नड शाळेत शिकवायची आणि सहसा कशालाही हसायची नाही. "म्हैस खरी हाय," ती म्हणाली. "बाकी तुमचं तुम्हाला माहीत."

आणि मग शेवटचा टप्पा आला.

भंपकगडाच्या टोकाला उपकारासुर राहायचा. सौम्याने काळजी घेतली होती: अण्णा अंगाने आडवे, तर हा काडीसारखा, अण्णांना मिशा, तर ह्याला बोकडाचे कान. पण दार उघडून तो पुढे आला, डोंगरसिंहाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दमलास का रे? ये. बस." हे शब्द अण्णांचे होते. सरांच्या हातातला चहा तसाच राहिला.

हा असुर वार करत नसे. तो उपकार करी. जखम झाली असेल तर बांधी. लगेच पडद्यावरची आयुष्याची पट्टी वाढे आणि कमरेची तलवार दिसेनाशी होई. म्हशीला पेंड घाली. म्हैस त्याच्या गोठ्यात जाई. खेळाडूने चिडून वाराचं बटण दाबलं तर डोंगरसिंह हात जोडी. पुन्हा दाबलं तर वाकून नमस्कार करी. भोवती जमलेले गावकरी टाळ्या वाजवत, आणि त्या टाळ्यांना जराही उशीर होत नसे. मग लांबलचक पंगत बसे, असुर स्वतःच्या हाताने वाढी, आणि जेवण झालं की डोंगरसिंह उठून हातात बादली घेई आणि पुढच्या पंक्तीला वाढू लागे. खेळ संपला. मरण नाही, रक्त नाही. फक्त बादली घेतलेला नायक, आणि त्याच्या तोंडावरचं हसू जे मघापर्यंत त्याचं नव्हतं.

सर सव्वीस वेळा हरले.

त्यांनी सगळं करून बघितलं. पंगतीआधी लढले, पंगतीनंतर पळाले, चेटकिणीला साक्षीला आणलं. पंगतीत मात्र ते दर वेळी नीट मांडी घालून जेवत. ताट रिकामं झालं की खाली बारीक अक्षरांत विचारलं जाई: ताट धुऊन पाणी पिणार? सर हो म्हणत. त्यांच्या लिंगायत घरात बसवण्णांच्या काळापासून ताटात शीत टाकलेलं कुणाला माहीत नव्हतं. प्रसाद संपवायचा, ताटात पाणी घालून बोटाने फिरवायचं आणि ते पिऊन टाकायचं. ही गोष्ट सर करत नसत, ती आपोआप होई.

"चांगलं शिकवलंय पोरीला," पाठीमागून बघणारी शिवलीला म्हणाली. "बेंगळूरला जाऊन बी ताट धुऊन प्यायचं इसरली न्हाई."

सत्ताविसाव्या वेळी सरांनी पुण्याला संपादकांना फोन लावला. त्यांनीही गेम मागवला होता.

"शेवटचा टप्पा?" संपादक म्हणाले. "दुसऱ्या फटक्यात झाला की. काही नाही हो, दोन घास खायचे आणि ताट तसंच सोडून उठायचं. असुर तिथेच कोसळतो."

"तसंच म्हणजे?"

"म्हणजे टाकून द्यायचं. बुफेला नाही का आपण टाकत?"

फोन ठेवून सर स्वयंपाकघरात गेले. मग शिवलीलाला सांगितलं.

"टाकून उठायचं?" तिला ते चेटकिणीपेक्षा अचाट वाटलं. "भरल्या ताटावरनं? आपल्यातलं कोण उठंल?"

"तेच तर," सर म्हणाले.

सौम्याने काय करून ठेवलं होतं, ते आता कुठे त्यांच्या ध्यानात आलं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा खेळ पाच मिनिटांचा होता. तो अवघड होता फक्त इथल्यांना. इतक्या वर्षांच्या परीक्षणांत सरांनी कुणाला नऊच्या वर गुण दिले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी वहीच्या कोपऱ्यात साडेनऊ लिहिले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

पण गेमची दीड मिनिटाची झलक तोवर कॉलेजच्या पोरांच्या मोबाइलवर येऊन पोचली होती. त्यात पंगत होती, आणि "दमलास का रे? ये. बस." होतं. पोरं हसली. चार दिवसांनी पोरं हसेनाशी झाली, आणि कॉरिडॉरमध्ये कुणी 'बस' म्हणालं तरी आधी मागे वळून बघू लागली. ते सरांना जास्त वाईट लक्षण वाटलं.

सोमवारी अकरा वाजता वर्गाच्या दारात अण्णांचा ड्रायव्हर तुळजाराम उभा राहिला. "चला सर," तो म्हणाला. "लॅपटॉप घ्या."

"आत्ता? तास चालू हाय."

"प्रिन्सिपलना सांगितलंय. ते घेतेत तुमचा तास." प्रिन्सिपल केमिस्ट्रीचे होते.

जीपमध्ये मागच्या सीटवर बसवंतप्पा आधीच बसलेले होते, धुतलेला सदरा घालून, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन. बीदर मागे पडलं. तेव्हा बसवंतप्पा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पोरीनं काय केलंय सर?"

"खेळ केलाय. चांगला केलाय."

"चांगलाच करायचा हुता तर हा कामून केला मग," बसवंतप्पा म्हणाले.

अण्णांच्या वरच्या मजल्यावर बैठकीचा हॉल होता. चारी भिंतींवर सत्कारांचे फोटो: शाल, नारळ, फेटा, आणि प्रत्येक फोटोत मधे अण्णा. सर जागा शोधता शोधता ते फोटो वाचत गेले. फोटोतली बरीच माणसं त्यांनी आत्ताच खाली अंगणात पाहिली होती. कुणी पत्रावळी मांडत होतं, कुणी पाण्याचे पिंप भरत होतं.

"बर्री सर, कूड्री," अण्णांनी बसायला खुर्ची दाखवली. स्वतः ते सतरंजीवर बसले होते, पांढऱ्या धोतरात. डोळ्यांना चष्मा लावून त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. "पोरं म्हणायलीत, मी आलोय म्हणं ह्याच्यात. खरं का?"

सरांनी लॅपटॉप उघडला. "नाही अण्णा. काल्पनिक असतं सगळं. बोकडाचे कान आहेत त्याला."

"कान असू द्या की. दाखवा."

"मी खेळून दाखवतो."

"तुम्ही कामून? मीच खेळतो. शिकवा."

हे सरांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी शेवटचा टप्पा लावून दिला, बटणं समजावली. बसवंतप्पा भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांना बसा म्हटलं तरी ते बसेनात. दार उघडलं. काडीसारखा असुर पुढे आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दमलास का रे? ये. बस."

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना ओळख. दूरच्या नात्यातल्या माणसाला लग्नात बघावं तसे ते बघत होते.

असुराने जखम बांधली, तलवार गेली. म्हैस गेली. अण्णांनी वाराचं बटण एकदाही दाबलं नाही. पंगत बसली. ताट वाढलं गेलं. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि डोंगरसिंहाला उठवला.

असुर कोसळला. भंपकगडाच्या टोकावर घंटा वाजू लागल्या. सव्वीस वेळा हरलेले सर तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"झालं अण्णा. जिंकलात तुम्ही."

"सोपा हाय की मग."

"तुम्ही ताट... तुम्हाला कसं सुचलं?"

अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "सुचायचं काय त्यात? मी कुणाच्या घरी पोटभर जेवलो न्हाई कधी. लग्न असू, मयत असू, दोन घास घ्यायचे आन उठायचं. वाढणाऱ्यानं वाढत राहावं." त्यांनी भिंतीपाशी उभ्या बसवंतप्पांकडे पाहिलं. "पोटभर जेवलेला माणूस जागचा हलत न्हाई. व्हय का न्हाई, बसवंतप्पा?"

"व्हय अण्णा," बसवंतप्पा म्हणाले.

"हा तुमचा राक्षस मी न्हाई सर. हा कच्चा हाय. एक माणूस उठला की पडला." अण्णा हसले, साधं, समाधानाचं हसले. "पण पोरगी हुशार हाय. असली डोक्याची पोरगी तिकडं परक्या मुलखात कामून राबायली? आपल्या कॉलेजात तिला एक हॉल देऊ. इथंच करू दे खेळ. मी सांगतो तिला काय काय घालायचं त्यात. तिच्या लग्नाचं बी बोलणं ऱ्हायलंय अर्धं, ते बी होईल."

बसवंतप्पांनी हात जोडले. आनंदाने की कशाने, हे सरांना कळलं नाही आणि बसवंतप्पांनाही कळलं असेल असं नाही.

"तुमचं काय म्हणणं सर?" अण्णा वळले. "तुम्ही जाणकार. खेळ नावाजण्यासारखा हाय का? का मलाच आवडला? उद्या मी सत्कार ठेवायचो, आन लोक म्हणतील काय फालतू गोष्टीसाठी."

सरांना तेवढी एक फट दिसली. "अजून लिहायचंय अण्णा. रविवारी येईल. बघू, तपासतो."

"तपासा. तुम्ही लिहाल ते बघून ठरवतो. चांगलं असंल तर गाडी पाठवून पोरीला आणू." त्यांनी दाराकडे हात केला. "चला, पंगत बसली खाली."

सर खाली गेले आणि जेवले. धनराजने त्यांना भात वाढला आणि न मागता पुन्हा वाढला.

घरी येईपर्यंत सरांचा बेत पक्का झाला होता. अण्णा सुमार गोष्टीला हात लावत नसत. वाईट गेम, वाईट गुण, लोक हसतील. अण्णा सत्कार सोडून देतील, आणि सौम्या बेंगळूरला सुखात राहील. तिचं नुकसान काय व्हायचं? चारशे वाचक, त्यातले दीडशे चुकून आलेले. महिन्याभराने दुसरं कुणी चांगलं लिहील, लोक हे विसरतील.

"तिला सांगा तरी आधी," शिवलीला म्हणाली.

"सांगितलं की ती बापाला सांगणार. बापाच्या पोटात ऱ्हायला पाहिजे ना. तो अण्णांसमोर उभा राहिला की न विचारता बोलतो. निकाल लागू दे, मग सांगतो."

"निकाल," शिवलीला म्हणाली आणि आत गेली.

चांगल्या गोष्टीबद्दल वाईट लिहिणं ही सोपी कला नाही, हे सरांना त्या आठवड्यात कळलं. तलवारीच्या कमरेबद्दल त्यांनी लिहिलं की विनोद शिळा आहे. चेटकिणीबद्दल लिहिलं की लेखिकेला गंभीर काही सांगायचं नाही. शेवटच्या टप्प्याबद्दल लिहिलं की तो कंटाळवाणा असून त्यात लढाईच नाही. प्रत्येक वाक्य लिहून झालं की ते उठून पाणी पिऊन येत. तरी हात वर्षानुवर्षांचा सरावाचा होता. लेख धारदार उतरला. 'होतकरू मुलींनी आधी थोडा अभ्यास करावा' असं एक वाक्य शेवटी आपोआप पडलं, आणि वाचताना ते सरांना इतकं खरं वाटलं की त्यांनी ते राहू दिलं. दहापैकी दोन.

संपादकांनी फोन करून विचारलं, "दोन? तुम्ही बरे आहात ना?"

"छापा," सर म्हणाले.

रविवारी लेख आला. सोमवारी कॉलेजात प्रिन्सिपल म्हणाले, "अण्णांनी वाचून घेतलं म्हणं." मंगळवारी, बुधवारी काहीच झालं नाही. जीप आली नाही, कुणी बोलावलं नाही. सौम्याचाही फोन आला नाही. रुसली असेल, सरांना वाटलं. शनिवारपर्यंत थांबू आणि तिला सगळं सांगू, असं त्यांनी ठरवलं. गुरुवारी ते बऱ्याच दिवसांनी वर्गात एक विनोद करून आले.

शुक्रवारी सकाळी सर दाढी करत असताना फोन वाजला.

"सर, मी सौम्या."

"अगं, मी तुला उद्याच लावणार होतो. ऐक..."

"वाचलं मी," ती म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता. काहीच नव्हतं. "आमच्या प्रकाशकानं बी वाचलं. मशीननं भाषांतर करून. तो म्हणाला, हा माणूस तुमच्याच गावचा हाय, तुमच्याच भाषेचा. तुमच्या लोकांनाच आवडला न्हाई तर आम्ही कुणासाठी काढायचा. आन कोण लिहितं सर मराठीत? गेमवर लिहिणारे तुम्ही एकटेच हाव. दुसरं काही सापडलंच न्हाई त्यांना." मागे गाडीचा आवाज येत होता. "काढून टाकला त्यांनी. मैत्रिणी मंगळवारीच गेल्या. एकीला नोकरी लागली."

सरांच्या अर्ध्या गालावर साबण तसाच वाळत होता. "सौम्या, कुठं हायस तू?"

"हुमनाबाद कवाच गेलं. मन्नाएखेळ्ळी आलीच आता. अण्णांचा फोन आलता बुधवारी. मला वाटलं रागावतील. रागावले न्हाईत. म्हणाले, लोकांनी तुला नावं ठेवली म्हणून काय झालं, आपलं माणूस पडल्यावर आपण न्हाई उचलायचं तर कुणी. म्हणाले, चांगलं चाललं असतं तर मी विचारून आणलं असतं, आता विचारायचं काय. मी रात्रीच्या रेल्वेनं कलबुर्गीला उतरले. तुळजाराम काका आलेत घ्यायला. अप्पा बी आलेत. पुढं बसलेत."

शिवलीला दारात येऊन उभी राहिली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"सर, एक विचारू? खरं सांगा. खरंच दोनच गुणांचा होता का?"

पुढच्या सीटवर बसवंतप्पा होते, गाडी चालवायला तुळजाराम होता, आणि फोन स्पीकरवर आहे की नाही हे सरांना माहीत नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "साडेनऊ."

"मग दोन कामून लिहिलाव सर?"

सरांनी तोंड उघडलं. गाडीचा वेग कमी झाला, शेजारून ट्रक भोंगा वाजवत गेला. बसवंतप्पांचा आवाज आला, "उतर पोरी, खाली आलेत बघ स्वतः." दार उघडल्याचा आवाज आला. सौम्याने फोन बंद केला नव्हता, नुसता खाली केला होता. त्यामुळे पुढचं सरांना लांबून, पण स्वच्छ ऐकू आलं.

"नमस्कार अण्णा," ती म्हणाली.